पार्वताबाईचं स्टूल

अकोल्यात डाबकी रोडला, पिठाच्या गिरणीला लागून जी गल्ली आत वळते, तिथं देवमन तायड्यांचं घर आहे. समोरच्या खोलीत दुकान, मागं संसार. दुकानाला पाटी नाही. पूर्वी होती, 'टीव्ही, रेडिओ, टेप दुरुस्ती' अशी. मग टेप गेले, रेडिओ गेले, आणि टीव्हीही असे आले की बिघडले तर लोक सरळ फेकून देतात. तेव्हा देवमनरावांनी पाटी उतरवली आणि नवी लावायची राहूनच गेली. त्यावाचून काही अडलं नाही. अकोटचे कापूस जिनिंगवाले घर शोधत येतात, नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यांतून पिशवीत गुंडाळलेली कार्डं येतात. मोठ्या मोटरीचा वेग कमीजास्त करणारं जे यंत्र असतं, त्याच्या पोटातलं हे इलेक्ट्रॉनिक कार्ड. कंपनीला विचारलं तर कंपनी म्हणते, नवीन घ्या. देवमनराव म्हणतात, "ठेवून जा, पायतो."

एवढंच म्हणतात. बोलण्याच्या बाबतीत हा माणूस जन्माचा चिक्कू. लग्नात बायकोचं नाव घ्यायला उभं केलं, तर "पार्वता" म्हणून खाली बसला. उखाणा नाही, यमक नाही, काही नाही. मांडवातल्या बायका ते आठवून अजून हसतात. सासरे भगवंतराव तर जाईपर्यंत सांगत होते की जावई गरीब आहे, पण मुका नाही, मी एकदा बोलताना ऐकलंय.

आणि तरी ह्या माणसानं आयुष्यभर एक वाक्य इतक्या वेळा म्हटलं की गल्लीतल्या लेकरांनाही ते पाठ झालं होतं. रोज सकाळी अकराच्या सुमाराला समोरच्या खोलीतून आवाज यायचा, "दिसली का वं?" आणि लगेच दुसरा, बाईचा, "दिसली!"

हे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. दवाखान्यात पेशंटच्या काळजाची रेघ पडद्यावर दाखवतात ना, तशी तारेतल्या विजेची रेघ दाखवणारं यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. देवमनरावांचा स्कोप जुना, काचेच्या नळीचा, हिरव्या रेघेचा. त्याची रेघ क्षणात येते आणि क्षणात जाते. पाहिली तर पाहिली, नाही तर गेली. आणि पाहणार कोण? देवमनरावांच्या हातात स्कोपची टोकदार सळई, डोळ्याला भिंग, आणि समोर कार्डावरच्या चिपांचे मुंगीच्या पायांएवढे पाय एकाला एक चिकटून. नजर वर उचलली की हात हलणार, हात हलला की टोक शेजारच्या पायाला लागणार, ठिणगी उडणार आणि कार्ड कायमचं जाणार. म्हणून टोक धरणारं एक आणि पडदा पाहणारं एक, अशी दोन माणसं त्या कामाला लागतात.

सुरुवातीला एक मदतनीस होता. तो सुरतेला निघून गेला आणि देवमनराव डोक्याला हात लावून बसले. पोळ्या आटोपून हात पुसत पार्वताबाई दारात आल्या.

"मी पाहू का?"

"तुले काय कयते त्यातलं?"

"कयत नाई. पन दिसते तं."

त्या दिवशी पार्वताबाई पडद्यासमोरच्या लोखंडी स्टुलावर बसल्या, त्या पुढं तीसेक वर्षं बसल्याच. सातवीपर्यंत शिकलेली बाई. रेघेला शास्त्रात काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि देवमनरावांनी सांगितलंही नाही, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागणार. मग पार्वताबाईंनी आपलीच नावं ठेवली. कंगव्यासारखी उभी-आडवी रेघ आली की 'दात'. त्यातला एखादा गळाला की 'दात पडला'. रेघ खरबरीत झाली की 'केस उभे राह्यले'. आणि सगळं जागच्या जागी असलं की 'सीधी हाये'. हळूहळू देवमनरावांच्या तोंडीही हीच भाषा बसली. गिऱ्हाइकालासुद्धा ते सांगायचे, तुमच्या कार्डाचा दात पडते. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं.

एकुलती एक मुलगी प्रणाली त्या टेबलाखाली तांब्याच्या तारेच्या बाहुल्या करत मोठी झाली आणि लग्न होऊन अचलपूरला गेली. मग घरात दोघंच. दिवसभरात बोलणं काय व्हायचं? जेवता का, वाढू का, पाणी आलं का. पण अकरा वाजले की पार्वताबाई चष्मा पुसून स्टुलावर येऊन बसायच्या आणि दोन-तीन तास त्या खोलीत एकाचा हात आणि दुसऱ्याचे डोळे मिळून एक माणूस काम करायचा. त्यांचा संसार, त्यांचं प्रेम, जे काही म्हणायचं ते तिथंच होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण होतं तिथंच.

अलीकडं मात्र एक कार्ड पिच्छा सोडत नव्हतं. अकोटच्या एका जिनिंगचं. तिथला कुलदीप म्हणून पोरगेला फोरमन ते घेऊन यायचा, देवमनराव दुरुस्त करून द्यायचे, आठ दिवस चालायचं आणि पुन्हा मोटर मधेच झटका मारून बंद पडायची. तिसऱ्यांदा आला तेव्हा कुलदीप चपला काढता काढताच म्हणाला, "काका, राग नका मानू. आमचे शेठ म्हन्तेत नवीन मागवू. मीच म्हटलं, एक डाव काकाले पाहू द्या. तुमी तो डिजिटल स्कोप काहून नाई घेत?"

"हा चांगला हाये," देवमनराव म्हणाले.

दिवस उन्हाळ्याचे होते, कूलर घरघरत होता. देवमनरावांनी कार्ड टेबलावर घेतलं आणि एकेका पायाला टोक लावत गेले.

"दिसली का वं?"

"दिसली. सगये दात हायेत."

"आता?"

"आताई. सीधी हाये."

कपाळावरचा घाम भिंगात उतरायला लागला म्हणून देवमनरावांनी मान वर केली. पडदा काळा होता. स्कोपच्या खालचा लाल दिवाही विझलेला. कूलर तर चालू होता, म्हणजे स्कोपचाच फ्यूज गेलेला. आणि पार्वताबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, चष्मा नाकावर, सगळं लक्ष त्या काळ्या काचेवर.

देवमनरावांनी टोक बाजूला ठेवलं. कशालाही न लावता त्यांनी पुन्हा विचारलं, "आता?"

"हाव, दिसली. सीधी हाये."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता, नाही तर घाबरून डॉक्टरकडं धावला असता. देवमनराव म्हणाले, "बरं. चहा ठेव." पार्वताबाई उठून आत गेल्या, चौकटीला हात लावून, रोज जायच्या तशाच. मग देवमनरावांनी फ्यूज बदलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक धडधाकट कार्ड घेतलं आणि मुद्दाम धास्तावलेल्या आवाजात विचारलं, "दिसली का वं?"

पार्वताबाई जरा थांबल्या. "दात पडला वाटते एखादा."

तेव्हा देवमनरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पडदा पाहतच नव्हती. ती त्यांचा आवाज ऐकत होती. आवाजात आशा असली की रेघ सीधी, आवाजात भीती असली की दात पडलेला. कुलदीपचं कार्ड एकदाचं बरं व्हावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा, म्हणून प्रत्येक वेळी त्याचे सगळे दात जागेवर! आपण कमी बोलतो, आपलं मन कुणाला कळत नाही, असं देवमनरावांना आयुष्यभर वाटत आलं होतं. इथं ही बाई तीन शब्दांतून त्यांचं सगळं काळीज वाचून दाखवत होती.

मग ते बोलले का नाहीत? कुणीही म्हणेल, हा शुद्ध मूर्खपणा. असेल. पण त्या स्टुलावरून तिला ऊठ म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघेना. डोळे दाखवून ये म्हटलं तरी तेच. तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. सकाळी अकरा वाजता पूर्वीसारखंच विचारायचं, ती सांगेल ते ऐकायचं, मान डोलवायची. दुपारी ती जेवून आडवी झाली की दाढीचा आरसा खिळ्याला टांगायचा, त्यात स्कोपचा पडदा दिसेल असा कल द्यायचा आणि तेच काम एकट्यानं पुन्हा करायचं. ती उठायच्या आत आरसा परत मोरीत.

एक दिवस आरसा खिळ्यालाच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो आरशावरचे बोटांचे, सोल्डरिंगच्या राळेचे सगळे डाग पुसलेले. आरसा स्वच्छ, आणि त्याच खिळ्याला, त्याच कलानं टांगलेला. देवमनराव बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. घरात माणसं दोन, आणि दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. लपलेलं तर काहीच नव्हतं. तरी अकरा वाजता पार्वताबाई चष्मा पुसून आल्या, आणि ते म्हणाले, "दिसली का वं?" आणि त्या म्हणाल्या, "दिसली."

हे असं किती दिवस चालणार! आरशात पाहायचं म्हणजे नजर कार्डावरून उचलावीच लागते. नांदगाव पेठेचं एक कार्ड तपासताना देवमनरावांचा हात सरकला, ठिणगी उडाली आणि कार्डातून धूर निघाला. जळका वास आतल्या खोलीपर्यंत गेला. पार्वताबाई उठून दारात आल्या आणि परत गेल्या. जेवताना म्हणाल्या, "तो कुलदीप म्हन्ते तो नवा स्कोप पाहून तं या अमरावतीले."

"आपला चांगला हाये."

"चांगला हाये. पन पाहून या."

देवमनरावांनी घास तसाच हातात धरला. "तू चाल मंग संगं. तुह्या नजरेनं पसंत करू." बोलून गेल्यावर त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

"चालते ना," पार्वताबाई म्हणाल्या.

एसटी मूर्तिजापूर सोडून बडनेऱ्याच्या जवळ आली तेव्हा देवमनराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले की आधी एका डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ, माझ्या चष्म्याचा नंबर पाहायचाय. दवाखान्यात गेल्यावर त्यांनी खिडकीत नाव सांगितलं ते पार्वताबाईंचं. पार्वताबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि बाकावर जाऊन बसल्या. बिचारी ही बाई नवऱ्याला उघडं पाडायचं म्हणूनसुद्धा एक शब्द बोलली नाही.

डॉक्टर वयानं लहान होती, गोड बोलणारी. डोळ्यांत थेंब घातले, प्रकाश टाकला, मग समोर बसून विचारलं, "काकू, माझा चेहरा दिसतो का?"

"कान दिसते तुमचे," पार्वताबाई म्हणाल्या. "दोनी."

डॉक्टरनं देवमनरावांना समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत अगदी मधली जी जागा असते, जिच्यानं बारीक वस्तू दिसते, माणसाचं तोंड दिसतं, ती झिजली आहे. कडेचं दिसत राहील, घरात वावरता येईल. पण मधलं गेलं ते चष्म्यानं येत नाही आणि ऑपरेशननंही येत नाही.

"आधी आनलं असतं तं?"

"ह्या प्रकारात फारसा फरक पडला नसता, काका."

आपलीच चूक असं ठरलं असतं तर देवमनरावांना धरायला काही तरी मिळालं असतं. तेही मिळालं नाही.

बाहेर चहाच्या टपरीपाशी दोघं बसली. ऊन वर आलं होतं. पार्वताबाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि समोर रस्त्याकडं पाहत विचारलं, "तुमाले कवा कयलं?"

"स्कोपचा फ्यूज उडाला होता एक दिवस. पडदा कायाठिक्कर. अन् तू म्हने, सीधी हाये."

पार्वताबाईंना आधी हसूच फुटलं. "अवं माय! बंद मशिनीत बी सीधी दिसली मले?" त्यांनी तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले, चहा सांडला. मग हसता हसता कधी त्यांनी पदर डोळ्यांना लावला ते देवमनरावांना कळलंच नाही.

"काहून नाई सांगतलं मले?" देवमनरावांनी विचारलं.

"सांगून काय केलं असतं? तुमी मले ऊठ म्हनलं नसतं." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. "घरात तुमी दिवसभर बोलता कोठं हो? अकरा वाजता बोलता. थे बी गेलं असतं."

देवमनरावांनी त्यांच्याकडं तोंड वळवलं. बोलायचं खूप होतं, तीस वर्षांचं साचलेलं. निघालं ते एवढंच, "अन् माह्यं तोंड? तेही नाई दिसत?"

"समोरून नाई. असं भिताडाकडं पाह्यलं तं तुमची मिशी दिसते जराशी."

"चाल, घरी जाऊ."

"घरी काहून? स्कोप घ्याले आलो ना आपन."

दुकान एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर होतं. तिथं काम करणारी आकांक्षा नावाची मुलगी हुशार होती आणि तिला माणसांशी बोलायचा कंटाळा नव्हता. तिनं देवमनरावांचं काम नीट ऐकून घेतलं आणि दोन स्कोप समोर मांडले. एक लहान पडद्याचा, पण चपळ. दुसरा मोठ्या पडद्याचा, कॉलेजात पोरांना शिकवायला घेतात तसला. "काका, तुमच्या कामाला हा लहान बरोबर आहे," ती म्हणाली. "मोठा दिसायला छान आहे, पण थोडा मंद आहे. बारीक बिघाड त्यातून निसटेल."

देवमनराव मोठ्याकडंच पाहत होते. "याची रेघ जाड करता येते का?"

"येते थोडी."

"आनखी?"

"काका, एवढी जाड केली तर तुम्हाला जे शोधायचंय तेच दिसणार नाही!"

"नाई दिसलं तं नाई दिसलं," देवमनराव म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून मोठ्या स्कोपसमोर आणली आणि पार्वताबाईंना तिच्यावर बसवलं. पडद्यावर बोटाएवढी जाड पिवळी रेघ पळत होती. मग त्यांनी विचारलं, आवाजात काहीही येऊ न देता, आशा नाही, भीती नाही, कोरड्या लाकडासारखा आवाज करून, "दिसली का वं?"

ह्या वेळी पार्वताबाईंना कुणाची मदत नव्हती. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान वळवून भिंतीवरच्या पंख्याकडं पाहिलं. "हे इकडं पाह्यलं तं काहीतरी पिवयं हालते. त्याच्याकडं पाह्यलं की जाते."

आकांक्षाला काय समजायचं ते समजलं. पार्वताबाईंनीच तिला हाक मारली. "बाई, ह्या लहान्याचं सांग. रेघ एकाच डाव आली अन् गेली तं काय करते हा?"

"जाऊ देत नाही, काकू. हा वाट पाहत बसतो. काका 'दात पडला' म्हणतात ना, तो ज्या क्षणी पडला त्या क्षणी रेघ धरून ठेवतो. हे बघा, थांबवायचं बटण. तुम्ही पुसेपर्यंत ती तशीच राहते. समोर कुणी बसायची गरजच नाही, एकट्या माणसाचं काम होतं."

"थांबवायचं बटन नसलेला नाई का येत?" देवमनरावांनी विचारलं.

मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसणार. "डिजिटल सगळ्यांना असतं, काका."

"दिवसभर वाट पाहते का?" पार्वताबाई विचारत होत्या.

"रात्रभरसुद्धा."

"कंटायत नाई?"

"नाही, काकू."

"अन् खोटं नाई सांगत."

मुलगी हसायला गेली आणि थांबली. "नाही."

"हा घ्या मंग," पार्वताबाई म्हणाल्या.

"याचा पडदा लहान हाये वं. मोठा पाहू ना. चार दिवस पाह्यलं की सवय होईल तुले."

"तुमाले दिसते ना ह्याच्यातलं?"

"मले दिसते."

"मंग झालं. तुमच्यासाठी घ्या. माह्यासाठी नका घेऊ." आणि त्यांनी हात पुढं करून लहान स्कोपची बटणं एकेक चाचपली, पोरीसाठी स्थळ आलं की बायका त्या मुलाला आडून आडून न्याहाळतात तशी. शेवटी बोट थांबवायच्या बटणावर ठेवून म्हणाल्या, "चांगला हाये."

परतीच्या एसटीत खोकं वर ठेवायला जागा होती, तरी पार्वताबाईंनी ते मांडीवरच घेतलं. खड्डा आला की छातीशी धरायच्या. अकोल्यापर्यंत दोघं एक शब्द बोलली नाहीत. त्यात नवीन काही नव्हतं, पण ह्या वेळी ते गप्प बसणं देवमनरावांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी अकराला पार्वताबाई आल्या. चष्मा न पुसताच आल्या. देवमनरावांनी नवा स्कोप सुरू केला, रेघ थांबवली आणि त्यांचं बोट धरून पडद्यावरून फिरवलं. "हा एक दात. हा दुसरा. पाह्य, पयत नाई आता. उभी हाये."

पार्वताबाईंनी बोट फिरू दिलं. "काच थंडी हाये याची," त्या म्हणाल्या. "आपल्या जुन्याची कोमट राहे." मग हात हलकेच सोडवून उठल्या. "भाजी लागंन खाली."

भाजी लागणार नव्हती, गॅस बंद होता. त्यानंतर त्या अकराला आल्या नाहीत. देवमनरावांनी एक-दोनदा हाक मारली. "येऊन काय करू?" आतून उत्तर आलं. "पाहुन्यावानी बसू?"

काम मात्र झपाट्यानं होऊ लागलं. खोटं कशाला बोला, यंत्र गुणी होतं. कुलदीपचं कार्ड त्यांनी त्याला लावून ठेवलं, तर दुपारभर ते यंत्र वाट पाहत बसलं आणि कार्ड तापल्यावर एकच दात पडला तो नेमका धरला. कार्ड दुरुस्त झालं, जिनिंगची मोटर नीट चालायला लागली. कुलदीप पेढे घेऊन आला. "म्हटलं होतं ना काका!" असं म्हणत तो स्टुलावर बसायला गेला, तेव्हा देवमनराव एकदम म्हणाले, "थ्याच्यावर नको." आणि त्याला आतून खुर्ची आणून दिली. स्टुलावर ते कुणाला बसू देत नव्हते आणि त्याच्यावर एक स्क्रूसुद्धा ठेवत नव्हते. जुन्या स्कोपवर त्यांनी स्वच्छ फडकं घातलं होतं. अधूनमधून तो उगाच सुरू करून ठेवायचे. थोड्या वेळानं काचेला हात लावून पाहायचे आणि बंद करायचे.

असाच एक दिवस होता. टेबलावर एक चिवट कार्ड पडून होतं. त्याचे दोन भाग देवमनरावांनी बदलले होते आणि आता होईल, आता नक्की होईल असं त्यांना वाटत होतं. आत पार्वताबाई भाकरी थापत होत्या, थापट्यांचा आवाज येत होता. देवमनरावांनी डोळ्याला भिंग लावलं, टोक त्या मुंगीच्या पायावर ठेवलं, श्वास धरला. हात कामात होते, डोकं कामात होतं, आणि तोंडातून तीस वर्षांच्या सवयीनं आपोआप निघालं, "दिसली का वं?"

थापट्या थांबल्या. आणि आतून, दोन भिंतींच्या पलीकडून, त्याच क्षणी आवाज आला, "दिसली! सीधी हाये!"

बोलून गेल्यावर दोघांनाही कळलं होतं. देवमनरावांनी मान वर केली. नव्या पडद्यावर पिवळी रेघ थांबून उभी होती आणि तिचा मधला दात पडलेला होता, स्वच्छ दिसत होता.

आतून पुन्हा आवाज आला, ह्या वेळी हळू. "हाये ना सीधी?"

देवमनराव पडद्याकडं पाहत राहिले. मग रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं. जेवढा आणता येईल तेवढा आनंद त्यांनी आवाजात आणला. "हाव," ते म्हणाले. "सीधी हाये."

भाकरीचा आवाज लगेच सुरू झाला नाही. त्यांच्या आवाजातलं कधी तिला कळलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. देवमनराव टोक हातात धरून तसेच बसले, कान आतल्या खोलीकडं लावून. बऱ्याच वेळानं एक थापटी ऐकू आली, मग दुसरी, सावकाश. त्यांनी भिंग काढलं, डोळे पुसले आणि कार्ड पुन्हा उघडायला घेतलं.